सर झोपले आहेत

आमच्या सौ.चे एक ठाम मत आहे. कोणत्याही थोर पुरुषाचे चरित्र वाचायचे असेल, तर आधी त्याच्या बायकोचे आत्मचरित्र वाचावे. मग थोर पुरुषाचे राहिले तरी चालते. हे मत ती दर दिवाळीला, चकलीचा सोऱ्या माझ्या हाती देता देता ऐकवते, आणि वीस वर्षे मुलांना मराठी शिकवूनही मला त्यावर उत्तर सुचत नाही. मी मुकाट्याने सोऱ्या दाबू लागतो.

यंदा मात्र मी तिचे म्हणणे मनावर घेतले. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजच्या ग्रंथालयातून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची आणि त्यांच्या बायकांची चरित्रे घरी आणली. पुस्तके जाडजूड होती आणि आंबेही भरपूर होते, त्यामुळे सुट्टी मोठी झकास गेली. एरवी या सदरातून आपण शब्दांविषयी नि पुस्तकांविषयी बोलतो. आज सणाच्या निमित्ताने जरा सीमोल्लंघन करू. वॉशिंग्टनमधल्या त्या प्रसिद्ध व्हाइट हाउसमध्ये आपल्याला घेऊन जातो. पण पुढच्या दाराने नको, तिकडून इतिहासाचे प्राध्यापक जातात. आपण मागच्या जिन्याने, माजघराकडून आत शिरू.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की हे कार्यालयही आहे आणि बिऱ्हाडही आहे. १८०० सालच्या नोव्हेंबरात जॉन अ‍ॅडम्स आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅबिगेल येथे राहायला आल्या, तेव्हा घर अर्धेमुर्धेच बांधून झाले होते. पाहुण्यांसाठी योजलेला पूर्वेकडचा भव्य दिवाणखाना रिकामाच पडला होता. अ‍ॅबिगेलबाईंनी तेथे दोऱ्या बांधल्या आणि धुणे वाळत घातले! याच बाईंनी १७७६ साली नवे कायदे करायला निघालेल्या नवऱ्याला पत्र लिहून बजावले होते, की कायदे करताना बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अनिर्बंध सत्ता देऊ नका. नवऱ्याने ते हसण्यावारी नेले. राज्यघटना झाली, तीत राष्ट्राध्यक्षाचे अधिकार कलमवार आले. त्याच्या बायकोविषयी अक्षर नाही. तिला निवडणूक नाही, शपथ नाही, पगार नाही. १९०२ साली पश्चिमेकडे कचेरीची वेगळी इमारत होईपर्यंत राष्ट्राध्यक्षाची कचेरी आणि झोपायच्या खोल्या एकाच मजल्यावर होत्या. कचेरीतून माजघरात यायला चार पावले पुरत. त्या चार पावलांत काय काय घडले, तीच आजची कथा.

फ्रान्सिसबाई क्लीव्हलंडांपासून सुरुवात करतो. १८८६ च्या २ जूनला व्हाइट हाउसमध्येच लग्न लागले तेव्हा नवरी एकवीस वर्षांची आणि नवरदेव ग्रोव्हर क्लीव्हलंड एकोणपन्नास वर्षांचे. पुढे निवडणुकीत नवरा हरला. १८८९ च्या मार्चमध्ये घर सोडताना बाईंनी तिथल्या नोकराला सांगितले, की फर्निचर नीट सांभाळ बरं, आम्ही चार वर्षांनी परत येणार आहोत. आणि खरेच बरोबर चार वर्षांनी जोडपे त्याच घरात परत आले! भाड्याची जागा सोडताना आपल्याकडची एखादी खमकी गृहिणी मालकिणीला असेच काहीसे ऐकवील.

पण परत आल्यावर थोड्याच महिन्यांत राष्ट्राध्यक्षांच्या वरच्या जबड्यात गाठ निघाली. देशात आर्थिक हलकल्लोळ माजला होता, बँका बुडत होत्या. चलन सोन्यावर ठेवावे की चांदीलाही मोकळीक द्यावी, यावरून रण पेटले होते. क्लीव्हलंड सोन्याचे, तर त्यांचेच उपाध्यक्ष स्टीव्हन्सन चांदीच्या बाजूचे. अशा वेळी राष्ट्राध्यक्षांना कर्करोग झाल्याची कुणकुण लागली असती तर बाजार कोसळला असता. तेव्हा १ जुलै १८९३ रोजी ‘वनायडा’ नावाच्या एका मित्राच्या नौकेवर, चालत्या बोटीत, शस्त्रक्रिया झाली. जबड्याचा मोठा भाग काढला. सारे काम तोंडाच्या आतून केले, म्हणजे बाहेर व्रण नको आणि मिशीही शाबूत! पुढे रबराचा जबडा बसवला. लोकांना सांगितले, की दाताचे दुखणे आहे नि थोडा संधिवात आहे. फिलाडेल्फियाच्या एका वार्ताहराने ऑगस्टअखेर खरी बातमी छापली, तर त्यालाच खोटे पाडले. शस्त्रक्रियेला हजर असलेल्या एका डॉक्टरने सगळी हकीकत छापून मोकळी केली तेव्हा १९१७ साल उजाडले होते; क्लीव्हलंड जाऊन नऊ वर्षे झाली होती. त्या उन्हाळ्यात फ्रान्सिसबाई गरोदर होत्या. सप्टेंबरात मुलगी झाली. नवऱ्याचे दुखणे आणि राष्ट्राचे गुपित दोन्ही पोटात ठेवून त्या बाळंत झाल्या.

आपण म्हणाल, यात बिघडले कुठे? माणूस बरा झाला, बाजारही सावरला. कबूल. पण गुपित एकदा पचले, की माणसाला ते सवयीचे होते. त्याचे पुढचे पाऊल पाहायचे असेल तर २६ वर्षे पुढे, १९१९ साली त्याच घरात जावे लागेल.

वुड्रो विल्सन हे आमच्या जातीचे, म्हणजे प्राध्यापक. प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्रमुख होते. तिथून राजकारणात आले आणि १९१३ साली राष्ट्राध्यक्ष झाले. पहिली पत्नी एलन १९१४ च्या ऑगस्टमध्ये वारली. पुढच्याच वर्षी त्यांची एडिथ गॉल्ट या विधवा बाईंशी गाठ पडली. वॉशिंग्टनमधल्या एका जवाहिऱ्याच्या या पत्नी. नवऱ्यामागे पेढी सांभाळत, विजेवर चालणारी मोटार स्वतः हाकत. शाळेत मात्र जेमतेम दोन वर्षे गेलेल्या. प्रोफेसरसाहेब असे प्रेमात पडले, की प्रेमपत्रांबरोबर सरकारी कागदही पाठवू लागले! प्राध्यापकाचे प्रेम असेच असते. टिपणे दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. डिसेंबर १९१५ मध्ये लग्न झाले. पहिल्या महायुद्धात गुप्त लिपीतल्या तारा उलगडायलाही बाई नवऱ्याला मदत करीत.

युद्ध संपले. पुन्हा असे युद्ध होऊ नये म्हणून राष्ट्रसंघ स्थापावा, हे विल्सनांचे स्वप्न. पॅरिसला जाऊन त्यांनी तह केला. पण अमेरिकेत सीनेटची दोन-तृतीयांश मते मिळाल्याशिवाय तह मंजूर होत नाही. सीनेटर लॉज आणि त्यांचे अनुयायी म्हणाले, काही अटी घाला, मग पाहू. विल्सन म्हणाले, स्वल्पविरामही बदलणार नाही, मी जनतेकडेच जातो. सप्टेंबर १९१९ मध्ये ते आगगाडीने देशभर निघाले. तीन आठवड्यांत आठ हजार मैलांचा प्रवास आणि चाळीसच्या आसपास भाषणे. कोलोरॅडोतल्या प्वेब्लोच्या भाषणानंतर प्रकृती ढासळली, गाडी परत फिरवली. २ ऑक्टोबरला सकाळी अर्धांगवायूचा झटका आला. डावे अंग लुळे पडले.

एडिथबाईंनी पहिला फोन केला तोही नेहमीच्या मार्गाने नव्हे. मधली फोनवाली माणसे ऐकतील म्हणून घरातल्या खाजगी तारेवरून कारभाऱ्याला सांगून डॉक्टर ग्रेसन यांना बोलावून घेतले. तिथून दार बंद झाले. बाहेर पत्रक निघाले, की साहेबांना अतिश्रमाने थकवा आला आहे. मंत्र्यांना भेट नाही, चिटणीस ट्युमल्टी यांना नाही, उपाध्यक्ष मार्शल यांना तर नाहीच. त्या बिचाऱ्याला दुखण्याचे खरे स्वरूप कळले ते एका वार्ताहराकडून, तेही कानात! मंत्री आपापले कागद घेऊन येत आणि बाईंच्या हाती देत. बाई आत जात. काही वेळाने बाहेर येत आणि सांगत, राष्ट्राध्यक्ष असे म्हणतात. समासात बाईंच्या हस्ताक्षरात उत्तर लिहिलेले असे. पुष्कळ कागद परत येतच नसत.

आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ केल्याची दंतकथा शाळेतली पोरेही सांगतात. एडिथबाईंनी एकही अक्षर बदलले नाही. त्यांना तशी गरजच पडली नाही. कोणता कागद आत न्यायचा आणि कोणता नाही, एवढेच त्यांच्या हाती होते. पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी लिहिले आहे, की सार्वजनिक कारभारातला एकही निर्णय मी घेतला नाही; महत्त्वाचे काय, बिनमहत्त्वाचे काय आणि नवऱ्यापुढे कधी मांडायचे, एवढेच मी ठरवले. वाचकहो, हे वाक्य दोनदा वाचा. मी मराठीचा मास्तर. वाक्याचा अर्थ लावणे हा माझा धंदा. एवढेच ठरवणे म्हणजे राज्य करणेच की!

डिसेंबरच्या ५ तारखेला दोन सीनेटर पाहणीला आले. म्हणायला परराष्ट्र व्यवहार, खरा हेतू साहेबांची शुद्ध तपासण्याचा. लुळा हात पांघरुणाखाली झाकला, कागद उजव्या हाताशी ठेवले. बाई शेजारी टिपणवही घेऊन उभ्या. साहेब चुरचुरीत बोलले, सीनेटर निरुत्तर होऊन गेले, वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी तब्येत उत्तम असल्याचे छापले. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात चहा मुलीनेच केला असे सांगतात ना, तसला हा प्रकार. मंत्रिमंडळाची बैठक साहेबांनी पुन्हा बोलावली ती थेट १४ एप्रिल १९२० रोजी.

दरम्यान तहाचे काय झाले? १९ नोव्हेंबरला सीनेटने तो फेटाळला. त्या सुमारास स्वतः एडिथबाईंनीही नवऱ्याची विनवणी केली, की अटी मान्य करून टाका आणि एकदाचे हे संपवा. तो कळवळून म्हणाला, तू तरी माझी साथ सोडू नकोस. बाई पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत. इंग्लंडचे माजी परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांना तडजोडीच्या खटपटीसाठी मुद्दाम वकील म्हणून धाडले होते. कित्येक आठवडे ते वॉशिंग्टनमध्ये राहिले. भेट मिळाली नाही. त्यांच्या एका साहाय्यकाने पूर्वी एडिथबाईंच्या लग्नावर एक अचकट विनोद केला होता, तो बाईंच्या कानी गेलेला. त्या माणसाला परत पाठवा, हे मागणे आधी. ग्रे यांनी ते मानले नाही. ग्रे मायदेशी परतले आणि तिथल्या वर्तमानपत्रात त्यांनी लिहिले, की अमेरिकेच्या अटींचे आम्हाला वावडे नाही. व्हायचे ते होऊन गेले. १९ मार्च १९२० रोजी पुन्हा मत पडले. ४९ बाजूने, ३५ विरुद्ध. सात मते कमी पडली. अमेरिका राष्ट्रसंघात कधीच गेली नाही.

याचे सारे खापर एडिथबाईंवर फोडणे अन्यायाचे होईल. विल्सन मूळचेच हट्टी. धडधाकट असते तरी वाकले असते की नाही, कोण सांगणार? पण आजाऱ्याच्या खोलीत विरुद्ध बाजूचा शब्दच पोचू दिला नाही, तर माणसाला मन बदलायची सोयही राहत नाही. आणि यातली विलक्षण गंमत अशी, की हे घडत होते तेव्हा अमेरिकेत सर्व बायकांना मताचा अधिकारही नव्हता. तो मिळाला १९२० च्या ऑगस्टमध्ये. त्यासाठी फाटकाबाहेर फलक घेऊन उभ्या राहणाऱ्या बायका एडिथबाईंच्या डोळ्यांत सलत!

आता वॉशिंग्टनहून जरा आमच्या घरी यावे लागेल. एडिथबाईंचे पुस्तक वाचताना मी मध्येच थांबलो, ते आमच्या काकूच्या आठवणीने.

आमचे थोरले काका तालुक्याच्या गावी हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. सारा गाव त्यांना हेडसर म्हणे. मी दहा-अकरा वर्षांचा असताना, परीक्षांच्या दिवसांत, त्यांना अर्धांगवायू झाला. डॉक्टरांनी काकूला बजावले, मनाला जरासुद्धा त्रास होता कामा नये. काकू ओसरीवर पाट टाकून बसली ती तीन महिने. शाळेचा शिपाई रोज अकरा वाजता कागदांची पिशवी घेऊन येई. काकू म्हणे, “सर झोपले आहेत. ठेव इथं.” पिशवी आत जाई, संध्याकाळी बाहेर येई. जेथे सही हवी तेथे काका उजव्या हाताने वेडीवाकडी सही करीत. गावात सगळे म्हणत, काय बाई आहे! नवऱ्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं. आणि ते खरेच होते.

शाळेत एक तरुण शिक्षक होते. गणित शिकवायचे. त्यांची दोन वर्षे भरत आली होती आणि कायम होण्यासाठी हेडसरांची शिफारस संस्थेकडे जायला हवी होती. काकांशी त्यांचा काही दिवसांपूर्वी कडाक्याचा खटका उडाला होता. त्यांचा अर्ज पिशवीतून आला. काकूने नाव पाहिले आणि अर्ज गादीखाली सरकवला. ते गृहस्थ तीनदा स्वतः आले. ओसरीवरच उभे राहिले. “सर झोपले आहेत.” जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्यांच्या जागी दुसरे कुणी होते. बायको आणि तान्हे मूल घेऊन ते गाव सोडून गेले. दिवाळीच्या सुमारास काका काठी टेकत शाळेत गेले आणि त्यांनी विचारले, “आपले गणिताचे मास्तर कुठं आहेत?” खटका काका केव्हाच विसरले होते. त्या माणसाविषयी त्यांचे मत चांगलेच होते.

हे मला कसे कळले? मी एम. ए. होऊन एका कॉलेजात तासावर शिकवत होतो. कायमच्या नेमणुकीची वाट पाहत चार वर्षे गेली होती. सुट्टीत काकूकडे गेलो. काका वारून पुष्कळ दिवस झाले होते. ती तांदूळ निवडत होती. मी माझे रडगाणे गायलो. तिने सूप खाली ठेवले आणि ही सगळी हकीकत मला सांगितली. शेवटी म्हणाली, “मी फक्त ह्यांना जपलं रे. दुसरं काही केलं नाही.” आणि थोड्या वेळाने, “त्या मास्तरांचं पुढं काय झालं, ते कुणाला विचारायचा धीर झाला नाही.” मला काय बोलावे ते सुचले नाही. मी सूप पुढे ओढले आणि खडे वेचू लागलो.

म्हणून एडिथबाईंना मी सहज दोषी ठरवू शकत नाही, आणि निर्दोषही म्हणू शकत नाही.

पण त्याच घरात वेगळ्या तऱ्हेच्या बायकाही राहून गेल्या. एलिनॉरबाई रूझवेल्टांचे पाहा. १९१८ साली नवऱ्याच्या सामानात त्यांना दुसऱ्या बाईची पत्रे सापडली. ती बाई, लूसी मर्सर, त्यांचीच खाजगी चिटणीस! त्यांनी काडीमोडाची तयारी दाखवली. सासू आडवी आली. संसार टिकला. तीन वर्षांनी नवऱ्याचे पाय पोलिओने गेले, आणि १९३३ साली तोच नवरा राष्ट्राध्यक्ष झाला. बाई दार लावून बसल्या नाहीत. त्या स्वतःच बाहेर पडल्या. खाणी, वस्त्या, तुरुंग सगळे पायाखाली घातले आणि पाहिलेले नवऱ्याला आणून सांगू लागल्या. केवळ बाई-वार्ताहरांसाठी पत्रकार-परिषदा भरवल्या, म्हणजे वर्तमानपत्रांना बायकांना नोकरीवर ठेवणे भागच पडले. १९३५ च्या अखेरीपासून १९६२ पर्यंत, बहुतेक काळ आठवड्यातून सहा दिवस, वर्तमानपत्रात सदर लिहिले. आठवड्याला एक सदर लिहिताना माझी काय दशा होते ते संपादकच जाणोत!

आणि तरीही १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथे रूझवेल्ट गेले, तेव्हा त्यांच्याजवळ एलिनॉरबाई नव्हत्या, लूसी होती. या भेटी घडवून आणल्या होत्या पोटच्या मुलीने. बाईंना हे कळले नवरा गेल्यावर. येथे बंद दाराच्या बाहेर बायकोच उभी होती. त्यातूनही त्या उठल्या. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगाच्या त्या अध्यक्ष झाल्या आणि १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्या आयोगात भारतातर्फे बसल्या होत्या हंसाबेन मेहता, मुंबईच्या विधिमंडळात काम केलेल्या. ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असे शब्द पहिल्या कलमात होते. त्या जागी ‘सर्व मानव’ हे शब्द आले ते हंसाबेनच्या आग्रहाने. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी अ‍ॅबिगेलबाईंनी मागितले होते, त्याची थोडी फेड अशी झाली.

१९८१ च्या ३० मार्चला रेगन यांच्यावर गोळीबार झाला. नॅन्सीबाईंनी इतका धसका घेतला, की सॅन फ्रान्सिस्कोच्या एका ज्योतिषीणबाईंना फोनवरून विचारून त्या नवऱ्याच्या दौऱ्यांचे दिवस ठरवू लागल्या. चांगले दिवस हिरव्या शाईने, वाईट दिवस लाल शाईने! गाडी घेतल्यावर मुहूर्त पाहणाऱ्या आपल्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. पण कारभाऱ्यांचे मुख्य डोनाल्ड रीगन यांचा जीव मेटाकुटीला आला. पुढे १९८७ साली त्यांची नोकरी गेली, त्यात बाईंचा हात होता. आणि १९८८ साली पुस्तक लिहून त्यांनी हे पंचांग जगापुढे उघडे केले. भीतीपोटी केलेल्या गोष्टीला हसणे सोपे आहे. गोळी आपल्या माणसाला लागलेली नसते, तेव्हा तर फारच सोपे.

या सगळ्या बायकांत माझे मन जिंकले ते बेटीबाई फोर्ड यांनी. नवरा राष्ट्राध्यक्ष होऊन दोन महिनेही झाले नव्हते. सप्टेंबर १९७४ मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग निघाला. त्या काळी अमेरिकेतही हा शब्द चारचौघांत कुणी उच्चारत नसे. बाईंनी शस्त्रक्रिया करून घेतली आणि देशाला खरे काय ते सांगून टाकले. हजारो बायका तपासणीसाठी दवाखान्यांत गेल्या. उपाध्यक्षपदासाठी नाव पुढे आलेल्या रॉकफेलर यांच्या पत्नीने स्वतःला तपासले आणि तिलाही रोग सापडला, वेळेत सापडला. क्लीव्हलंडांचे दुखणे बोटीवर लपले होते. तसल्याच दुखण्याविषयी एक बाई मोकळेपणी बोलली आणि कितीतरी जीव वाचले. बेटीबाईंच्या लक्षात आले, की आपल्या जागेला काही बळ आहे. ते घटनेत लिहिलेले नव्हते इतकेच.

एडिथबाईंच्या प्रकरणाने आणि पुढे केनेडींच्या खुनाने अमेरिकेला एक गोष्ट शिकवली. राष्ट्राध्यक्ष असमर्थ झाला तर काय, याचा निकाल शयनगृहात लागता कामा नये. १९६७ साली घटनेत पंचविसावी दुरुस्ती झाली. आता राष्ट्राध्यक्ष चिठ्ठी लिहून आपले अधिकार काही काळ उपाध्यक्षाकडे सोपवू शकतो. आणि तो स्वतः असमर्थ असला तर उपाध्यक्ष व मंत्रिमंडळाचे बहुमत पाऊल उचलू शकते. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी बायडन यांना तपासणीसाठी गुंगी द्यायची होती. त्यांनी तशी चिठ्ठी दिली, आणि कमला हॅरिस ८५ मिनिटे राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारावर होत्या. एडिथबाईंनी जे कित्येक महिने दार लावून केले, ते एका बाईने पहिल्यांदा कायद्याने, उघड्यावर, सव्वा-दीड तास केले.

म्हणजे प्रश्न सुटला काय? तसे वाटत नाही. २०२४ च्या जूनमधल्या वादसभेत बायडन अडखळले आणि त्यांच्या वयाचा गवगवा झाला. त्यांच्या पत्नी जिलबाई माझ्यासारख्याच मास्तरकीतल्या. व्हाइट हाउसमध्ये राहत असतानाही कॉलेजात इंग्रजी शिकवायला जात. नवऱ्याच्या पाठीशी त्या ठाम उभ्या राहिल्या. २१ जुलैला बायडन यांनी निवडणुकीतून माघार घेतली. त्या महिन्यात जो तो एकच विचारत होता: घरातल्यांना काय दिसत होते, आणि त्यांनी ते कुणाला सांगितले? पंचविसाव्या दुरुस्तीत याचे उत्तर नाही. कायदा कचेरीच्या दारापर्यंत येतो. पुढची चार पावले माणसांनीच चालायची असतात.

हा मजकूर लिहून झाल्यावर शिरस्त्याप्रमाणे सौ.ला वाचून दाखवला. ती करंज्यांना मुरड घालत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “काकूंच्या जागी मी असते ना, तर मीही दारातच बसले असते. कुणालाही आत सोडलं नसतं.”

“आणि तो अर्ज?” मी विचारले.

तिचा हात थांबला. “तुम्हाला वाचून दाखवला असता,” ती म्हणाली, “असं आत्ता वाटतंय. डॉक्टर तसं सांगून गेल्यावर काय केलं असतं, कोण जाणे.”

मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटले. एडिथबाईंच्या साऱ्या पुस्तकात मला असे एक वाक्य सापडले नव्हते. तसे एक मागणे मात्र मी सौ.कडे मागून ठेवले आहे: मी झोपलेलो असताना कुणी गरजू माणूस ओसरीवर तिसऱ्यांदा आला, तर मला उठव. त्रास झाला तरी चालेल. ती “बघू” म्हणाली. आमच्या घरात “बघू”चा अर्थ काय होतो, ते वाचक भगिनींना सांगायला नको.

करंज्यांचा पहिला घाणा तळून निघाला आहे. आपणा सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो, आणि आपापल्या घरातल्या आजारी माणसांना भेटायला या चार दिवसांत अवश्य जाऊन या. कुणी दारातच अडवले तर रागावू नका. पण एकदा जाऊन थांबूही नका.